घराची साक्ष

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते, पण फोनवर तू "हं, बरं, सांगते यांना" एवढंच बोलतेस आणि पुढच्या क्षणी फोन दादाच्या हातात जातो. पत्रात मात्र तुझी जीभ सुटते. म्हणून पत्र. तू सांगितलंस तसं वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठवतेय. पोस्टमन तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला घाबरतो हे कारण मला पटलेलं नाही, कारण तुमच्या गल्लीत कुत्रं नाही. पण ते असो. तू दुपारी तिथे पुस्तकं देते-घेतेस, तेव्हा पत्रही घेशील.

आता कामाचं. आमच्या बाईंनी नवं नाटक काढलंय. बाई म्हणजे दिग्दर्शिका. त्यांना सगळे बाईच म्हणतात आणि त्या आल्या की चहाचे कप लपवतात. नाटकात एक बाई न्यायाधीशासमोर उभी आहे. चार भिंतींत तिच्यावर काय गुदरलं ते तिने सिद्ध करायचंय. न्यायाधीश विचारतो, "साक्षीदार कोण?" यावर तिचं चार पानी भाषण होतं. परवाना कचेरीने चारही पानांवर लाल रेघ मारली. शेरा काय, तर कुटुंबसंस्थेचा अवमान. बाईंनी नवी पानं लिहिलीच नाहीत. मला बोलावलं आणि म्हणाल्या, "बोलणं कापलं त्यांनी. आवाज कसा कापतील? तो कागदावर नसतो. आता तू बघ."

म्हणजे आता ती बाई एवढंच म्हणते, "साक्षीदार माझं घर." दिवे मंदावतात आणि भाषण जेवढा वेळ चाललं असतं तेवढा वेळ घर बोलतं. नळ, भांडी, दारं, पावलं. सगळं नाटक माझ्या डोक्यावर.

मी मैत्रिणींच्या घरी जाऊन आवाज पकडले, नट्यांच्या घरी पकडले. सगळे खोटे. यंत्र चालू आहे हे कळलं की भांडीसुद्धा नाटकं करायला लागतात! मला असं घर हवंय जिथे बाई आपलं रोजचं काम करतेय आणि यंत्राला विसरली आहे. मग आपलंच घर आठवलं. एवढं शांत घर मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. कोणाचा आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. बाबा यायचे आणि घर कसं निवांत व्हायचं. माझे कान तिथे तयार झाले हे मी सगळ्यांना सांगते. दादा मला कानसेन म्हणतो ते उगीच नाही.

सोबत छोटं यंत्र पाठवतेय. लाल बटण दाबायचं आणि कुठेतरी ठेवून विसरायचं. दादाला सांगू नकोस. मुख्याध्यापक आहे तो, यंत्र दिसलं की घसा खाकरून भाषण ठोकेल.

तुझी,
कानसेन

१९ जानेवारी

सौभाग्यकांक्षिणी वन्सं यांस साष्टांग नमस्कार,

लग्न तुला करायचं नाही हे माहीत आहे, तरी मायना लिहिताना हात वळला. राग नसावा.

तुझं यंत्र पोचलं. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना वाटलं साबणाची वडी आहे. त्यांनी वासही घेऊन बघितला. घरी आणून मी ते चहाच्या डब्यामागे ठेवलं. पहिल्या दिवशी मी इतकी सावध होते की पाणी पितानासुद्धा घोट मोजून घेतले. ते ऐकू नकोस, हसशील. नंतर खरंच विसरले. काम कोणाला विसरू देत नाही?

तुझी भाची दिवसेंदिवस आदळआपट शिकतेय. चिमणी नाव ठेवलं हेच चुकलं. ती चालत नाही, उड्या मारते. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या तिने कधी पायांनी उतरलेल्या मला आठवत नाहीत. परवा पातेल्यांची सगळी झाकणं काढून एकेक फरशीवर फिरवत बसली होती, कुठलं जास्त वेळ वाजतं ते बघायला. मी म्हटलं, आत्यावर गेली, आता हिचंही लग्न व्हायचं नाही. तिने विचारलं, "आत्याला झाकणं वाजवायचे पैसे मिळतात?" मी म्हटलं, मिळतात, पण फार नाही.

यांना सांगितलेलं नाही. तू म्हणालीस म्हणून नव्हे, माझं मीच.

यंत्र परत पाठवतेय. एक विनंती आहे. तुला हवे ते आवाज काढून घेतलेस की बाकीचं पुसून टाक. कुणाच्या घरातलं कुणाकडे राहू नये.

तुझी,
वहिनी

६ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

तू काय पाठवलंयस हे तुला तरी कळलंय का? मी कानाला हेडफोन लावून जेवायचं विसरले.

दुपारभर घर कसं सैलावलेलं आहे. नळ सुटलेला, भांडी एकमेकांवर पडतायत, तू मधेच गुणगुणतेस (बेसूर, पण असू दे). चिमणी शाळेतून येते तेव्हा तर मला हेडफोन काढून ठेवावे लागले. आणि मग संध्याकाळी चावी. आधी जुडग्यातल्या चाव्या एकमेकींवर आपटतात. मग एक आत जाते, अर्धी फिरते, अडते, परत फिरते. मग दार खालच्या फरशीला घासत उघडतं. बाबांच्या वेळचंच कुलूप आहे ना ते?

आणि त्यानंतर, वहिनी, तू जे करतेस ते अजब आहे. नळ बंद. गुणगुणणं बंद. तू पातेल्यावर झाकण ठेवतेस हे मला कळतं, कारण वाफेचा आवाज बदलतो. पण ठेवल्याचा आवाज नाही! जेवण होईपर्यंत तू सगळी धातूची भांडी हाताळतेस आणि एक टिचकीसुद्धा वाजत नाही. कसं करतेस? आईसुद्धा अशीच करायची. दादाचं शाळेतून आल्यावर डोकं दुखतं का, म्हणून तू एवढी जपतेस?

दादाचं एकच वाक्य आहे, "आज कोणाशी बोललीस?" किती हळू विचारतो. त्यानंतर एक बोदा आवाज आहे, भरलेलं पोतं भिंतीला टेकवल्यासारखा. तो कशाचा ते कळेना. मधेच उपटसुंभासारखा येत होता म्हणून काढून टाकला. बाकी काही साफ करावं लागलं नाही.

बाईंना ऐकवलं. त्या नेहमी ऐकता ऐकता बोलतात. या वेळी चष्मा काढून हातात धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हीच. हीच ती चार पानं."

चावीचा आवाज मी प्रेक्षकांच्या पाठीमागच्या स्पीकरमध्ये ठेवलाय. पुढे रंगमंचावर भांडी आणि पाठीमागून चावी. तालमीत बसलेल्या सगळ्याजणी दचकून मागे वळल्या. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे हे, आणि ते तुझ्या स्वयंपाकघरातून आलंय.

युक्ती मात्र सांग.

तुझी,
कानसेन

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाआड उभं राहून वाचलं. हसावं की रडावं कळेना.

किती ऐकलंस गं तू. झाकण ठेवल्याचा आवाज नाही, हेसुद्धा ऐकलंस. आणि मला विचारतेस, डोकं दुखतं का?

युक्ती सांगते. भांडं ठेवताना त्याच्या बुडाखाली करंगळी धरायची. आधी करंगळी टेकते, मग तिच्यावर भांडं टेकतं, मग हळूच करंगळी काढून घ्यायची. तुझ्या आईंनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवली. मला वाटलं या घरची शिस्त असेल, माहेरी आम्ही सगळे धसमुसळे. माझा हात हातात धरून त्या दाखवत होत्या, पण बघत होत्या दाराकडे. मी म्हटलं, "आई, कोणी येणार आहे का?" त्या म्हणाल्या, "येईलच की." पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मला काही विचारायची गरज पडली नाही.

तो बोदा आवाज पोत्याचा नव्हता.

रोज नसतं असं काही. रोज लागतच नाही. चावीचा आवाज पुरतो. बाहेर ते किती चांगले आहेत हे तुला माहीतच आहे. शाळेतली पोरं त्यांच्या पाया पडतात. मी कोणाला सांगायला गेले तर लोक मलाच दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतील. आणि तू त्यांची लाडकी बहीण. तुलाही सांगणार नव्हते. तूच ऐकून बसलीस.

आता ऐकलंच आहेस तर पुढचंही ऐक. दुसऱ्या गावी, नोकरी करणाऱ्या बायकांचं एक वसतिगृह आहे. तिथे देखरेखीला बाई हवी आहे. राहायला खोली देतात, मूल चालतं. ग्रंथपाल बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि त्यांनी हो म्हटलंय. चिमणीची वार्षिक परीक्षा संपली की हे मुख्याध्यापकांच्या शिबिराला जातात. त्या दिवशी आम्ही दोघी निघणार. मधेच निघाले तर तिचं वर्ष जातं, दाखला मिळत नाही आणि हे पहिल्या दिवशीच शोधून काढतात. तोवर या घरात काही हलता कामा नये. मी सगळं जसंच्या तसं ठेवलंय, गादीवरची सुरकुतीसुद्धा.

मला माझ्यासाठी जायचं असतं तर कदाचित राहिलेही असते, माणसाला सवय होते. पण चिमणी अजून वाजते. तिच्या हातून काही पडलं की मी म्हणते, माझ्या हातून पडलं. बाबा दमून येतात एवढंच तिला सांगितलंय. करंगळी मी तिला शिकवलेली नाही आणि शिकवणारही नाही. ज्या दिवशी ती दाराकडे बघून भांडं ठेवेल त्या दिवशी मी हरले.

म्हणून हात जोडून सांगते, ती चावी काढून टाक. भांडी ठेव, नळ ठेव, माझं बेसूर गाणं ठेव हवं तर. चावी नको.

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

हे चौथं पत्र लिहितेय. आधीची तीन फाडली.

चहाच्या टपरीवर लोक मला विचारतात, तू कप असा का धरतेस? मी सांगायची, माझी लकब आहे. काल कप खाली ठेवताना माझ्या हाताकडे बघितलं. करंगळी खाली होती. आईने मला कधी शिकवल्याचं आठवत नाही. आणि मी जगाला सांगत फिरतेय, आमचं घर किती शांत होतं! मला माझीच किळस आली.

तू आत्ताच्या आत्ता ये. चिमणीला घेऊन ये. वर्ष गेलं तर गेलं. माझी खोली लहान आहे, पण तिथे वाट्टेल तेवढं आदळता येईल.

चावी काढायला बसले. काढली आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं. वहिनी, चावी नसेल तर उरतात ती नुसती भांडी. लोकांना वाटेल कोणीतरी स्वयंपाक करतंय. दुसऱ्या कुलपाची चावी लावून बघितली, नाट्यगृहाच्या मागच्या दाराची. कोणी वळलं नाही. बाईंशी बोलले. तुझं नाव-गाव काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "एका बाईच्या भीतीसाठी ती चावी काढायची, आणि मग ज्या हजारोजणी रोज ती ऐकतात त्यांचं काय? काढलीस तर जिंकलं कोण?" यावर उत्तर तुला सुचलं असतं.

पण मी दुसरं केलंय. माणसांचे आवाज सगळे पुसून टाकले. तुझं गुणगुणणं, खोकला, चिमणीची बडबड, दादाचं ते वाक्य. तू सांगितलंस तसं मूळ ध्वनिमुद्रणही पुसलं, आता कुठेच नाही. उरल्यात त्या फक्त वस्तू. चावी काय, कोणाचीही असू शकते. वस्तूंवरून कोणी कोणाला ओळखत नाही. शिवाय दौऱ्यात तुमचं गाव नाही, मी यादी बघितली. दादा तर नाटकाला वेळ वाया घालवणं म्हणतो.

माझ्यावर विश्वास ठेव. आणि ये.

कानसेन

६ मार्च

प्रिय वन्सं,

वस्तूंवरून कोणी कोणाला ओळखत नाही, हे तू लिहावंस? या घरात आम्ही दुसऱ्या कशावरून ओळखतच नाही. बूट कसे काढले यावरून मला कळतं की आज जेवणाआधी काही बोलायचं की नाही. तुझे दादा त्याच घरात वाढले, तेच कुलूप ऐकत वाढले. कान काय तुला एकटीलाच मिळाले?

पण मी भांडत नाही. ती चार पानं कापली हे वाचून मलाही राग आला होता. कधी कधी वाटतं, मीच त्या अंधारात प्रेक्षकांत जाऊन बसावं आणि कोण कोण मागे वळतं ते बघावं. तेव्हा होऊ दे तुझं नाटक. फक्त इकडे आणू नका. परीक्षा संपेपर्यंत तरी नको. एवढं कर माझ्यासाठी.

येणं आता जमणार नाही, कारण लिहिलंच आहे. घाईत केलेलं काम हे लगेच ओळखतात.

काल मोठी गंमत झाली. चिमणीने ताटांची अख्खी चळत पाडली. भर दुपारी. शेजारीण खिडकीत आली. ताटं गोल गोल फिरत वाजतायत आणि ही टाळ्या पिटतेय. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसत सुटले. तू हवी होतीस तेव्हा यंत्र घेऊन.

तुझी,
वहिनी

२१ मार्च

वहिनी,

हे पत्र मिळेल तिथून निघ. पिशवी भरत बसू नकोस. ग्रंथपाल बाईंकडे जा, त्या ठेवून घेतील. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा दादाने उचलला. "ती पडलीय जरा," म्हणतो. "तुझं नाटक छान झालं हं," म्हणतो.

काय झालं ते सांगते, कारण तुला ते माझ्याकडूनच कळायला हवं. इथल्या नाट्यगृहाच्या दारात नाटक बंद पाडायला माणसं गोळा झाली, दगड आले, तिकीटखिडकीची काच फुटली. मालकाने हात वर केले. परवान्याची मुदत संपत आली होती, त्याआत प्रयोग झाला नसता तर परवाना गेला असता. तुमच्या गावातल्या कामगार बायकांच्या संघटनेने सभागृह देऊ केलं. बाईंनी त्याच बैठकीत हो म्हटलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "दुसरीकडे कुठे नाही का मिळणार?" याला नाही म्हणणं म्हणत नाहीत. मग मनाची समजूत घातली की दादा काही येत नाही.

तो आला. माझं नाव फलकावर वाचून आला, शाळेतल्या चार शिक्षकांना घेऊन, फुलं घेऊन. मी मागे माझ्या यंत्रांपाशी बसले होते. तिसऱ्या रांगेत मला त्याचं डोकं दिसलं. ठरवलं, चावीच्या वेळी आवाज खाली ओढायचा. बोट बटणावरच होतं.

न्यायाधीशाने विचारलं, साक्षीदार कोण. ती म्हणाली, माझं घर. वहिनी, त्या क्षणी मला असंही वाटलं, की ऐकू दे. एकदा ऐकू दे त्याला, एवढ्या लोकांत बसून. आईसाठी, तुझ्यासाठी. किंवा माझ्या कामासाठी असेल. मला आता सांगता येत नाही. मी बोट हलवलं नाही.

चावी वाजली. अख्खं सभागृह मागे वळलं. मंद उजेडात ते सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते. एकटा दादा वळला नाही. त्याचे खांदे तेवढे वर गेले, लहानपणी बाबा आले की जायचे तसे, आणि तो समोर बघत राहिला. आपल्या घरात चावी वाजली की मागे वळून बघायचं नसतं, हातातलं काम चालू ठेवायचं असतं. हे त्या सभागृहात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

प्रयोग संपल्यावर तो माझ्यापाशी आला. फुलं दिली, डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "आपलं दार छान वाजलंय. तुझ्या वहिनीचे कष्ट दिसतात."

मी त्याच्यामागे धावले नाही. लोक मला मिठ्या मारत होते. एक बाई रडत माझे हात सोडत नव्हती. मी बाहेर आले तोवर तो गेला होता.

वहिनी, निघ.

कानसेन

२ एप्रिल

चि. कानसेन हिस अनेक आशीर्वाद,

वाचनालयात तुझं पत्र पडून होतं. ग्रंथपाल बाई देत नव्हत्या, पण त्यांची मुलगी आमच्याच शाळेत आहे, तेव्हा दिलं. ते मी घरी आणलं. यापुढे पत्र घराच्या पत्त्यावर पाठवावं. कुटुंबातल्या माणसांनी आडमार्गाने बोलावं हे बरं दिसत नाही.

तुझ्या वहिनीने वाचनालयाचं काम सोडलं आहे. तिला दगदग होत होती. वसतिगृहाचा विषय तिने मला स्वतःच सांगितला. वेळ लागला, पण सांगितला. तिथल्या व्यवस्थापिकेशी मी बोललो. सुशिक्षित बाई आहेत, त्यांनी माझी अडचण समजून घेतली. चिमणीची परीक्षा चांगली चालली आहे. या वर्षी शिबिराला जाऊ नये असं ठरवलं आहे.

तुझ्या कामाचं मला कौतुकच आहे. तू लिहिलं आहेस की माझे खांदे वर गेले. बरोबर पाहिलंस. लहानपणी बाबा आले की तू माझ्या पाठीमागे लपायचीस, हे मात्र तुला आठवत नाही. म्हणूनच तुला घर शांत वाटलं. मी तुला कधी पुढे होऊ दिलं नाही. त्याची परतफेड तू चारचौघांत केलीस, यावर मी काही बोलत नाही.

दाराबद्दल तू मनाला लावून घेऊ नकोस. कुलूप बदललं. बिजागऱ्यांना तेल घातलं. खालची फरशी घासून घेतली. आता मी आलेला कोणाला कळतसुद्धा नाही.

प्रकृतीची काळजी घे.

तुझा,
दादा

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र आधी दादा वाचणार, हे माहीत आहे. वाचू दे. दादा, तूही वाच. पाठीमागे लपायचे ते मला खरंच आठवत नव्हतं. आता आठवतंय. पण तुझ्यापुढे उभं राहणारं कोणी नव्हतं म्हणून वहिनीच्या पुढेही कोणी असू नये, हा कुठला हिशोब?

वहिनी, दादाचं पत्र मिळाल्यावर मी घरी आले त्या दिवशी तू समोर होतीस आणि मला तुझ्याशी बोलता आलं नाही. मधे दादा बसला होता. तो माझी विचारपूस करत होता, पंखा लावत होता. तुझ्या डाव्या हाताला पट्टी होती. मी विचारलं, तर तू म्हणालीस, "न्हाणीघरात घसरले." वन्सं म्हणाली नाहीस. एकदाही टोमणा मारला नाहीस. दारात मी तुझा दंड धरून म्हणाले, "चल." तू मान हलवलीस आणि आत बघितलंस, जिथे दादा चिमणीला मांडीवर घेऊन बसला होता. मला उत्तर मिळालं.

तिथून मी सरळ पोलीस चौकीत गेले. टेबलामागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, पाणीही दिलं. मग म्हणाला, "साक्षीदार कोण?" हसू नकोस, हाच शब्द वापरला. मी म्हणाले, माझ्याकडे ध्वनिमुद्रण आहे. त्याच्या कानाला हेडफोन लावला. त्याने ऐकलं. नळ, भांडी, चावी, आणि त्यानंतरची ती शांतता. शेवटी हेडफोन काढून म्हणाला, "बाई, यात तर काहीच नाही." खरंच नव्हतं. दादाचं वाक्य मी पुसलं होतं. तो बोदा आवाज तर मी त्याच्याही आधी काढून टाकला होता, नको असलेला आवाज म्हणून. नाटकापुरतं सगळं ठेवलं, आणि उपयोगाचं तेवढं माझ्याच हातांनी साफ केलं.

नाटक चालू आहे. परवाना वाढवून मिळाला. बाईंना मी सांगितलं की चावी काढली. यावेळी विचारलं नाही. आता त्या जागी काहीच वाजत नाही. प्रेक्षकांना वाटतं यंत्र बिघडलं, ते खुर्च्यांत चुळबुळतात, खोकतात. बाई माझ्याशी बोलत नाहीत.

तुझी माफी मागायला शब्द नाहीत आणि मागून तुझं काही भलं होणार नाही. मी दर महिन्याला येणार आहे. दादाने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. त्याने काय होईल, मला माहीत नाही. काही होईल असं वाटत नाही.

एकच गोष्ट सांगायची राहिली. तू चहा टाकायला आत होतीस, म्हणून तू पाहिलं नसशील. चिमणी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. उड्या मारत नाही, चालत आली. मी म्हटलं, "काय गं, झाकणं वाजवतेस की नाही हल्ली?" ती हसली, पण तोंड मिटून. मग तिने दाराकडे बघितलं. पेला टेबलावर ठेवताना आधी तिची करंगळी टेकली, मग पेला, मग तिने ती हळूच काढून घेतली. मी कान देऊन बसले होते, वहिनी. मला काही ऐकू आलं नाही.

तुझी,
कानसेन